सख्ख्या बहिणीच्या गावात हॉटेल

प्रकरणाची सुरुवात एका चांदणीने झाली. नव्वदच्या दशकात रविवारच्या वर्तमानपत्रांत हॉटेलांच्या सभासद योजनांच्या जाहिराती येऊ लागल्या होत्या. आमचे सभासद व्हा, इतक्या रात्री राहा, पुढची रात्र आमच्यातर्फे, असा त्यांचा एकूण सूर असे. अशाच एका जाहिरातीत 'आमच्यातर्फे' या शब्दाच्या डोक्यावर एक चांदणी होती आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, मुंगीने काढावीत तसल्या अक्षरांत दिला होता: अटी लागू. कोणत्या अटी, किती अटी, त्या कोठे वाचायला मिळतील, याबद्दल एक अक्षर नाही. माणसाला घराचे आमंत्रण द्यायचे आणि दाराला कुलूप लावायचे, हा प्रकार मला सहन होत नाही. मला हॉटेलात राहायचे नव्हते. मला त्या अटी पाहायच्या होत्या. त्याच दुपारी नगरला सावेडीच्या आमच्या घरात मी फुलस्केप कागद, कार्बन आणि टाचण्या घेऊन बसलो.

तोपर्यंत मला निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. कार्यालयाने मला जाताना एक घड्याळ दिले आणि ज्येष्ठता यादीतला चुकीचा क्रमांक दिला. माझा क्रमांक अकरावा असायला हवा होता, त्यांनी चौदावा लावला. निवृत्त माणसाला अकरा काय आणि चौदा काय, असे म्हणणारे शहाणे मला जागोजाग भेटले. माणूस निवृत्त होतो, चूक होत नाही, असे त्यांना सुनावून मी औरंगाबादच्या खंडपीठात याचिका दाखल केली होती. वकील समर्थ होते, तरी प्रत्येक तारखेला मी स्वतः हजर राहत असे. आपले प्रकरण पुकारले जाते तेव्हा आपण त्या छपराखाली असावे, अशी माझी धारणा आहे. याखेरीज पुण्याला धाकटा भाऊ, नाशिकला मेहुणी. त्यांच्याकडची लग्ने, बारशी, आजारपणे होतीच. माझी पत्नी माझ्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाली. ती प्रत्येक प्रवासात बरोबर असे.

तर त्या दुपारी मी प्रश्न लिहीत होतो. नुसत्या एका कंपनीला विचारून तुलना होत नाही, म्हणून तीन ठिकाणी पत्रे पाठवायचे ठरवले. एक मुंबईची बडी कंपनी, जिची ती चांदणी. दुसरा पुणे, नाशिक, औरंगाबाद, कोल्हापूर अशा ठिकाणी मध्यम हॉटेले चालवणारा एक समूह. तिसरे औरंगाबादेत बसस्थानकाजवळचे एकटेच हॉटेल, ज्याची जाहिरात काडेपेटीएवढी होती. रात्र कशास म्हणावे, सभासदत्वाची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावी, पत्नी सभासद समजली जाईल की पाहुणी, वाद झाल्यास न्यायालय कोणते, असे तेवीस प्रश्न झाले तेव्हा पत्नी मागे येऊन उभी राहिली.

"अहो, अजून एक घाला."

"कोणता?"

"सकाळचा चहा खोलीत आणून देतात का?"

"हा अटींचा प्रश्न नव्हे. हा सोयीचा प्रश्न आहे."

"मग सोयीचा म्हणून घाला. तेवीस घातलेत, चोविसाव्याने पाकीट फुटणार आहे का?"

मी मान वर करून पाहिले. ती थट्टा करीत नव्हती.

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली, "मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं नाही, अशी एक सकाळ मला आठवत नाही. एकदा गादीवर बसून, पाय पांघरुणात ठेवून, कुणीतरी आणून दिलेला चहा प्यायचाय. तुमच्या तेवीस अटी तुम्हाला लखलाभ. माझी एवढी एकच."

मी चोविसावा प्रश्न लिहिला. पत्रे रजिस्टर पोचपावतीने गेली.

उत्तरे महिन्याभरात आली. मुंबईच्या कंपनीने गुळगुळीत कागदावर समुद्राची चित्रे पाठवली आणि माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. अटींचे पुस्तक मात्र जोडले होते. त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत सर्व वाद केवळ मुंबईच्या न्यायालयात, असे वाचल्यावर मी ते पुस्तक मिटले. नगरच्या माणसाने उशीच्या खोळीसाठी मुंबईत जाऊन दावा लावायचा!

एकट्या हॉटेलाच्या मालकाने तर कमालच केली. माझेच पत्र त्याने परत पाठवले. समासात प्रत्येक प्रश्नापुढे बॉलपेनने 'हो', 'नाही', 'बघू' असे खरडले होते आणि तळाशी 'या, मग बोलू' असे लिहून सही. दहा चौकोनांचे एक पुठ्ठ्याचे कार्ड सोबत होते. एक रात्र, एक शिक्का. दहा शिक्के झाले की अकरावी रात्र मोफत. माझ्या पत्राच्या मूळ प्रतीवर कोणी रेघ ओढलेली मला चालत नाही. ते पत्र मी 'उत्तरास अपात्र' असा शेरा मारून फायलीत लावले.

समूहाचे उत्तर पाहून मात्र माझे समाधान झाले. दोन पाने टंकलिखित, चोवीस प्रश्नांना चोवीस परिच्छेद, आणि वादाच्या बाबतीत सभासद ज्या जिल्ह्यात राहतो तेथील न्यायालय मान्य. असा सज्जन मसुदा मी कैक वर्षांत पाहिला नव्हता. वर्षात सहा रात्री राहायचे, म्हणजे सभासदत्व पुढे चालू आणि दोघांना दोन रात्रींचे आतिथ्य. आणि त्यांची हॉटेले नेमकी आमच्याच गावांना! पुणे, नाशिक, औरंगाबाद. डायऱ्या काढून मी मागल्या वर्षाच्या प्रवासांचा तक्ता केला, तर चौदा प्रवास निघाले. सहाचा आकडा आम्ही हसत ओलांडणार होतो. मी अर्ज भरला. आठवड्याभरात कडक प्लॅस्टिकमधले कार्ड आले.

वर्ष संपले आणि त्या कार्डावर आमची एकही रात्र लागली नव्हती.

ज्याने आमच्याकडची माणसे पाहिली आहेत, त्याला कारण सांगावे लागणार नाही. पुण्याला भाऊ स्कूटर घेऊन स्टँडवर उभा असे आणि आमची बॅग त्याच्या पायांमध्ये जाऊन बसल्यावर हॉटेलचे नाव काढायचे कोणी? नाशिकला मेहुणीच्या घरी आमची गादी आदल्या रात्रीच घातलेली असे. औरंगाबादला तर ताई होती. माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईने मला हाताला धरून शाळेत घातले, स्वतः नर्सिंग करून पुढे एका रुग्णालयाची मेट्रन झाली आणि निवृत्तीनंतर त्याच शहरात घर बांधून राहिली. यजमान वारले होते, मुलगा परगावी नोकरीला. ज्या गावात सख्खी बहीण राहते त्या गावात भावाने हॉटेलात उतरणे, याचा आमच्या लोकांत एकच अर्थ होतो: घर तुटले. आणि तो अर्थ रविवारच्या उपासनेला चर्चमध्ये आपल्या आधी जाऊन बसलेला असतो.

समूहाचे पत्र आले. आपण एकही रात्र वास्तव्य न केल्याने सभासदत्व संपुष्टात येत आहे. मला संताप आला. मी नोटिशीचा मसुदा घेतला आणि 'आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की' इथवर पोचलो.

"नोटीस कुणाला?" पत्नीने विचारले.

"हॉटेलवाल्यांना."

"त्यांनी काय केलं? खोल्या तिथेच होत्या. आपण गेलो नाही."

तिने माझ्यासमोरचा प्रवासाचा तक्ता ओढून घेतला आणि पट्टीने त्याला आणखी दोन रकाने पाडले. पहिल्याच्या डोक्यावर लिहिले, 'रात्र कोणाच्या घरी'. दुसऱ्याच्या डोक्यावर, 'सकाळचा चहा कोणी केला'. पहिला रकाना पुण्याचे भाऊजी, नाशिकची बहीण, ताई असा भरत गेला. दुसऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: मी, मी, मी. तिचे अक्षर शाळेतल्या फळ्यावर असे तसेच, गोल आणि ठसठशीत.

"ताईकडेसुद्धा?" मी विचारले.

"मग काय पाहुणी म्हणून बसून राहू? त्यांचे गुडघे धरलेत. त्या उठायच्या आत मी उठते. चहा, मग चपात्या, मग तुमचा कोर्टातला डबा."

"मला कधी कळलं नाही."

"कळेल कसं? तुम्ही सातला उठता."

ताईच्या घरी मला फार गाढ झोप लागते, असे मी लोकांना कौतुकाने सांगत असे. त्या तक्त्यात आम्ही दोघांनी मिळून चौदा प्रवास केले होते, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात चौदा माझे होते आणि चौदा तिचे, आणि दोहोंचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. मी नोटिशीचा कागद उलटा केला आणि योजनेची निवड नव्याने सुरू केली.

या वेळी कसोट्या बदलल्या. आम्ही सर्वांत जास्त जातो ते गाव कोणते? औरंगाबाद. वर्षाला रात्री किती जमतील? तारखा पडतील तेवढ्या. म्हणजे मुदतीची अट नसलेली योजना हवी. आणि तिसरी कसोटी म्हणून मी मुंबईचे सोडून उरलेल्या दोन पत्रांतील चोविसावे उत्तर पुन्हा वाचले. समूहाच्या त्या सज्जन मसुद्यात लिहिले होते, 'अल्पोपाहाराची व्यवस्था तळमजल्यावरील उपाहारगृहात सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत करण्यात आलेली आहे.' न्यायालयाच्या आनंदात हे वाक्य मी वर्षभर नजरेआड केले होते. मग 'उत्तरास अपात्र' ते पत्र काढले. चोविसाव्या प्रश्नापुढे समासात बॉलपेनने लिहिले होते, 'हो. बेल मारा. साडेपाचपासून.' आणि मुदतीच्या प्रश्नापुढे, 'हॉटेल आहे तोवर.'

मी त्या पत्रावरचा माझा शेरा खोडून खाली सही केली.

आता उरले ताईला कळवणे. आयुष्यात मी मंत्र्यांना पत्रे लिहिली, पोस्टमास्तरांना लिहिली, एस.टी.च्या विभाग नियंत्रकांना तर आमच्या दोघांच्या पत्रव्यवहाराची पुस्तके निघतील इतकी लिहिली. पण बहिणीला चार ओळी लिहिताना माझा हात थांबला. पहिला मसुदा दीड पानांचा झाला. त्यात परिच्छेदांना क्रमांक होते. पत्नीने तो वाचला आणि चष्मा काढला.

"ही बहीण आहे का प्रतिवादी?"

दुसऱ्या मसुद्यात मी सगळा दोष हॉटेलच्या योजनेवर टाकला होता. तो तिने खोटा म्हणून नाकारला. तिसरा असा होता: ताई, येत्या तारखेला आम्ही दोघे औरंगाबादला येत आहोत. या वेळी तुझ्याकडे न उतरता बसस्थानकाजवळच्या हॉटेलात उतरू, पत्ता खाली दिला आहे. हिला एक सकाळ विश्रांती हवी आहे आणि ती मागण्याचा तिला हक्क आहे. दुपारी तुझ्याकडे जेवायला येऊ, जर तू बोलावलेस तर.

हे पत्र मी साध्या टपालाने पाठवले. सख्ख्या बहिणीकडून पोचपावती घेणे बरे दिसले नसते, आणि त्याचा मला नंतर पश्चात्ताप झाला. कारण उत्तर आले नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पोस्टमन फाटकापुढून सायकल न थांबवता जाई. ताईने रागावून सोडलेली माणसे मी पाहिली होती. एका चुलत भावाशी ती सव्वीस वर्षे बोलली नव्हती, आणि त्याने फक्त तिच्या हातच्या वड्यांना नावे ठेवली होती.

निघायच्या आदल्या दिवशी पत्नी पिशवी भरता भरता थांबली.

"राहू द्या ते हॉटेल. ताईंकडेच जाऊ. चहाचं काय एवढं."

"मी पाठवलेलं पत्र मागे घेत नाही."

"माझ्यामुळे तुमची बहीण तुटायला नको."

"चहाचंच एवढं आहे," मी म्हणालो. मला वाटले होते त्यापेक्षा माझा आवाज चढला. तिने पिशवीची चेन लावली.

तारकपूर स्टँडवरून बस दीड तास उशिरा निघाली. एरवी मी तक्रारवही मागवली असती. त्या दिवशी नेवासा फाटा मागे पडला, प्रवरासंगमचा पूल गेला, तरी मी खिडकीबाहेर पाहत होतो. औरंगाबादला उतरून आम्ही पायीच हॉटेल गाठले. काउंटरमागे कानाला पेन्सिल लावलेले एक जाडेसे गृहस्थ होते. मी नाव सांगताच ते उभे राहिले.

"पत्रवाले साहेब ना? तुमच्या पाहुण्या तासाभरापासून बसल्यात. माझ्या चार खोल्यांच्या चादरी तपासून झाल्या त्यांच्या."

कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर बॅग घेऊन, ताई ताठ बसली होती.

"आलात?" ती म्हणाली. "का मला चुकवायला उशिराची बस धरली?"

"ताई, तू इथे कशी?"

"का? मला इथे यायला मनाई हुकूम आणलायस?"

"तसं नाही, पण..."

"माझ्या घरात ढेकूण झालेत, का माझं तोंड वाईट? इतकी वर्षं माझ्या उंबऱ्यावर चपला काढल्यास आणि आता बसस्थानकाजवळ उतरतोस? वाटेवरच्या वाटसरूसारखा?"

मी उत्तरासाठी तोंड उघडले. मुद्दे तयार होते. पण पत्नी माझ्यापुढे गेली आणि ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"ताई, त्यांना बोलू नका. मी म्हटलं म्हणून झालं. तुमच्याकडे मला काही कमी नाही. पण तिथे मी उठते आणि आधण ठेवते. मला एक दिवस ते ठेवायचं नव्हतं. एवढंच."

काउंटरवरच्या मालकांनी वही मिटली.

"आणि तू आधण ठेवतेस तेव्हा मी काय झोपलेली असते?" ताई म्हणाली. "अगं, साडेपाचला तुझ्या भांड्यांचा आवाज आला की मी टक्क जागी. उठले तर तुला वाटणार, नणंदेला माझं काम पसंत नाही. पडून राहिले तर मला वाटतं, पाहुणीला राबवते. सात वाजेपर्यंत छताकडे बघत असते मी. कौलं पाठ झालीत मला."

"अगं बाई!"

"आणि तुम्ही येणार म्हटलं की तीन दिवस आधीपासून माझे डबे घासणं, गाद्यांना ऊन दाखवणं. हा मात्र घोरतो."

दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. मग पत्नीला हसू फुटले, आणि ताईला फुटले, आणि त्या दोघी एकमेकींचे हात धरून इतक्या हसल्या की ताईची बॅग मांडीवरून खाली पडली. तिच्यातून तिचा टॉवेल, साबण आणि रात्रीची साडी बाहेर आली. ती राहायच्या तयारीने आली होती.

"मग उत्तर का नाही पाठवलंस?" मी विचारले. माझे पंधरा दिवस वाया गेले होते.

"तुला उत्तर दिलं की तू प्रत्युत्तर देतोस. माझ्या वयाला झेपत नाही. खोलीत खाटा किती आहेत?"

"दोन."

"बास. एक माझी, एक हिची."

"जादा गादी टाकून देतो, साहेब," मालक म्हणाले.

मी पुठ्ठ्याचे कार्ड काढून काउंटरवर ठेवले. "तीन माणसे झाली, तर आजच्या रात्रीचा शिक्का एक धरणार की दीड?"

मालकांनी कानावरची पेन्सिल काढून डोके खाजवले. "साहेब, तुमच्या चोवीस प्रश्नांत हा नव्हता."

हे खरे होते. मी निरुत्तर झालो, आणि एका हॉटेलवाल्याने मला निरुत्तर केले याचा मला का कोण जाणे, मुळीच राग आला नाही.

पहाटे साडेपाचला मी गादीवरून पाहिले, तर दोघी जाग्या होत्या आणि बेल कोणी मारायची यावरून कुजबुज चालली होती. "तुम्ही मोठ्या, तुम्ही मारा." "सभासद तू, मी पाहुणी." शेवटी दोघींनी मिळून बटण दाबले. दहा मिनिटांत दारावर टकटक झाली आणि ट्रेमध्ये किटली, तीन कप, बशीत ग्लुकोजची बिस्किटे आली. पत्नी उशीला पाठ टेकून बसली. पाय पांघरुणात. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि पहिल्या घोटानंतर डोळे मिटले. चहा भयंकर गोड होता आणि पुरेसा गरमही नव्हता.

"हा चहा..." मी सुरुवात केली.

"खबरदार, तक्रार केलीत तर," ती डोळे न उघडता म्हणाली.

"अजून एक किटली मागव गं," ताई पलीकडून म्हणाली. "आणि तू रे, तुझा डबा आज कँटीनला खा."

मी एकटाच खंडपीठात गेलो. आमचे प्रकरण दुपारनंतर पुकारले गेले. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, न्यायालयाने सहा आठवडे पुढची तारीख दिली आणि दोन मिनिटांत सारे आटोपले. अशा तारखांवर मी वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात जे लिहिले आहे ते कोणालाही काढून पाहता येईल. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. तरी जालना रस्त्याने परतताना माझी पावले झपाझप पडत होती, आणि मी कोणत्या तरी स्तोत्राची चाल गुणगुणत होतो, हे एका रिक्षावाल्याने वळून पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात आले.

खोलीत दोघी अजून तशाच होत्या. खुर्चीवर पाय, मधे भाजलेल्या शेंगांचा कागद. दुपारी ताईकडे जेवायचा बेत केव्हाच रद्द होऊन जेवण खालून वर आले होते.

"काय झालं कोर्टात?" ताईने विचारले.

"तारीख पडली."

"किती?"

"सहा आठवडे."

पत्नीने उशीखालून कार्ड काढले. त्यावर एकाच चौकोनात जांभळा शिक्का होता आणि नऊ कोरे होते. तिने ते ताईला दाखवले.

"समोरचे वकील चांगले दिसतात," ताई म्हणाली. "त्यांना म्हणावं, घाई करू नका."

मी खाली गेलो आणि मालकांना सहा आठवड्यांनंतरची खोली लिहून घ्यायला सांगितली. तीन खाटांची.